पडद्याआडचा आवाज

श्वास घ्या. धरा.

पडद्याअलीकडे वहिनीनेही धरला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याच्या पोटावर डॉक्टरीणबाईंचं यंत्र फिरू लागलं की तिचं आपोआप तसं व्हायचं. ऑपरेशन झाल्यापासून घरादाराचा जीव या एका पडद्याला टांगलेला

सोडा.

होता.

नवऱ्याला धाकट्या बहिणीचं अर्धं यकृत बसवलं होतं. त्याला रक्त पोचवणारी धमनी म्हणजे शिवून जोडलेला बारीक धागा. ती तुंबली की सगळंच मुसळ केरात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ सोनोग्राफी. यंत्र वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवायचं, आणि बाहेर उभ्या उभ्या वहिनीने आपलं एक गणित बसवलं होतं: आवाज आला म्हणजे चांगलं, मोठा आला म्हणजे आणखी चांगलं. कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला जावं आणि भलतंच कानावर

श्वास घ्या. धरा.

आलं तर?

आज आवाज दणकून आला. थांबायचं नावच नाही. तिने तिथूनच वरच्या मजल्यावर फोन लावला. तिथे नणंद आपले टाके सांभाळत पडली होती. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, म्हणून घरात ती चिमणी.

"चिमणे, आज धो धो वाजतंय गं!"

"वाजणारच. माल कोणाचा आहे? दादाला सांग, आता माझ्यावर डाफरायचं नाही. डाफरलास तर आतून उलट उत्तर येईल."

"तूच सांग बाई. माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

हसतच तिने फोन ठेवला. आतून 'सोडा' आलंच नव्हतं.

मग नवऱ्याचा कोंडलेला आवाज आला. "मॅडम... सोडू का?"

"अरे, हो हो, सोडा! सॉरी."

डॉक्टरीणबाई कधी विसरत नसत. वहिनीने पडदा सारला.

"एवढा मोठा आवाज येतोय ना, मॅडम?"

"ही मोठी शीर आहे, ताई. ती वाऱ्यासारखी सलग वाजते. धमनीचा ठोका पडतो. तो..." त्यांनी बरगडीखाली यंत्र पुन्हा दाबलं. वाकडं केलं. सरळ केलं. "तो सापडत नाहीये."

"काल होता?"

"काल होता."

ठक्-शू, ठक्-शू. वहिनीला आठवला. इतका हळू होता की काल ती हिरमुसून घरी गेली होती.

मोठे डॉक्टर आले. त्यांनीही यंत्र फिरवलं, धमनीच्या जागी स्क्रीनवर काळंच दिसत राहिलं. "पुन्हा उघडावं लागेल. आत्ताच."

"आणि उघडून..." वहिनीने विचारलं.

"प्रयत्न करू."

नवरा तिच्याकडे बघत होता. "काय गं, वाजत होतं ना?"

जणू तीच वाजवत होती.

तिच्या हातातला फोन वाजला.

"वहिनी, फोन जरा मशीनपाशी धर ना. मला बिछान्यातून उठू देत नाहीत, निदान ऐकू तर दे. माझ्याच पोटातलं ते."

वहिनीला नाही म्हणता आलं नाही. तिने फोन पुढे धरला. मोठे डॉक्टर शेवटचं एकदा शोधत होते.

शूऽऽऽऽऽ

"अगं बाई, केवढं जोरात! दादा, ऐकतोयस का? आहे की नाही बहीण?"

डॉक्टरांनी यंत्र उचललं. आवाज गेला. नर्सने पायाने पलंगाच्या चाकाचा ब्रेक काढला, खटकन.

"का थांबलं?" चिमणीने विचारलं.

पलंग हलला. नवऱ्याने हात वर केला. निरोपाचा की नुसताच, कळलं नाही.

"वहिनी? अगं, बोल की."

वहिनीने फोन कानाला लावला. बोलायला म्हणून श्वास घेतला. धरला.