तांब्यातली गुलछडी

म्हसवडच्या वाटेवरच्या आमच्या गावात शाळा सिद्धनाथाच्या देवळाच्या ओवरीत भरायची. देवाला पोरांचा कलकलाट आणि पोरांना देवाचा धूर. दोघांचा तोटा सारखाच, म्हणून तक्रार कुणाचीच नव्हती.

जोतीराम मास्तर सांगलीत शिकून आलेले, म्हणजे गावाच्या लेखी निम्मे साहेब. झाड पाणी कसं पितं ते पोरांना डोळ्यांनी दाखवावं असं त्यांच्या मनात आलं. पण लढाईच्या दिवसांत काचेचा पेला आणायचा कुठून? त्यांनी देवळातला पितळी तांब्या घेतला, पाण्यात तांबड्या शाईची पूड कालवली, पांढऱ्या गुलछडीचा दांडा त्यात उभा केला आणि आल्यावर गंमत दाखवतो म्हणून बाजाराच्या सुट्टीला सांगलीला बहिणीकडे निघून गेले. पितळेतून रंग दिसत नाही, आणि देवळात तांब्यात ठेवलेलं फूल आमच्याकडं देवाचंच असतं, एवढं ध्यानात धरायचं राहिलं.

त्या देवळात राहीबाई झाडलोट करायची. तिचा नवरा सयाजी पलटणीबरोबर आफ्रिकेत गेला आणि लढाईत बेपत्ता झाला. साल उलटलं तरी पुढची खबर नाही. पितृपक्ष आला तसा सासरा केरबा म्हणू लागला, पोरगं पाण्यावाचून भटकतंय, सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू. पुतळा जळला की राहीबाईचं कुंकू पुसलं जाणार. तिनं हातापाया पडून देवाला कौल लावायला लावला. आप्पासो गुरवानं मूर्तीला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर सयाजी जिता, डावी पडली तर गेला. दोन्ही चिकटून बसल्या. आप्पासो अडचणीच्या कौलाला गंध जरा दाटच लावतो असं बायका म्हणायच्या. दोन्हीकडून शिव्या खाण्यापेक्षा ते बरं.

आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी राहीबाई झाडायला आली, तर काल पांढरं होतं ते फूल तांबडं.

आप्पासो सगळ्यांच्या आधी खूश झाला. तांबडं म्हणजे कुंकू, म्हणजे सयाजी जिता; त्याचा अडलेला कौल परस्पर सुटला होता. दुपारपर्यंत तांब्याला हळदकुंकू लागलं. पळसाची पानं केरबाच्या सोप्यात तशीच पडून राहिली.

मास्तर परतले आणि आपल्या गुलछडीपुढं नारळ फुटलेले बघून त्यांना घाम सुटला. केरबाला खरं ते सांगायला निघाले, तर पायरीवर राहीबाई आडवी आली.

"शाईच हाय ती, मास्तर. म्या तांब्या कलंडून बगितला तवाच कळलं."

"मग गप का बसलीस?"

"मग काय करू? ह्ये पुसू?" तिनं कपाळाकडं बोट केलं.

मास्तर मागं फिरले. पण केरबा काही दुधखुळा नव्हता. एकदा बोललेला देव दुसऱ्यांदाही बोलेल, असं त्यानं चावडीवर सांगितलं. तांब्या त्याच्या घरचा, पाणी त्यानं स्वतः शेंदलेलं, राखण रात्रभर त्याची; सर्वपित्रीच्या सकाळी फूल पांढरं निघालं तर पुतळा जळणार. फूल तेवढं देवळाच्या बागेतलं, आणि ते तोडून आणायचं काम नेहमीप्रमाणं राहीबाईचं.

तिनं मास्तरांना गाठून विचारलं, शाईत ठेवलेला दांडा मागनं निवळ पाण्यात घातला तर? मास्तरांना नोकरीची काळजी. ते इकडंतिकडं बघून ओवरीत शिरले. दुसऱ्या दिवशी मात्र पोरांना गरजेपेक्षा मोठ्यानं शिकवत राहिले, की दांड्यात चढलेलं पाणी खाली येत नाही, तांब्या बदलला तरी वरच चढत जातं. ओवरीबाहेर राहीबाई एकच फरशी झाडत होती. त्या दिवशी मास्तर शाईची पुडी ओवरीत विसरून गेले. मास्तर एरवी काही विसरणारे नव्हते.

सर्वपित्रीला सकाळी गाव जमलं. फूल पांढरंच होतं म्हणा ना. एका पाकळीच्या कडेला केसाएवढी तांबडी रेघ, तीही बघायचीच असेल तर दिसणारी. आप्पासो छताकडं बघत राहिला. राहीबाईनं खांब धरला होता.

केरबानं फूल उचललं. पाकळीकडं बघितलंच नाही, दांडा उलटा केला. कापलेल्या टोकाला तांबडे ठिपके होते. तो ते बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ते टोक अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा धोतराच्या सोग्यात दडवला.

"तांबडं हाय," तो म्हणाला. "पुतळा नगं."

पळसाच्या पानांच्या पत्रावळी झाल्या. गाव जेवलं, फुकट काही गेलं नाही.

घराकडं जाताना केरबा पुढं, राहीबाई चार पावलं मागं. वळून न बघता त्यानं विचारलं, "राही, किती दिस पुरंल गं ती शाई?"

ती पदर सावरत चालत राहिली. मग म्हणाली, "मास्तरांकडं आनखी एक पुडी हाय, मामंजी."

केरबा बांधाशी येऊन थांबला.

"ठिवायला सांग," तो म्हणाला.