घडीत पडलेली भोके

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला शंकाच वाटते. तरी सांगते, कारण मनात साचलेले आता सोसवत नाही.

कस्तुराबाईंनी मला शिरूर अनंतपाळच्या बाजारातून आणले. दुकानदाराने माझी झोळी करून तीत घागरभर पाणी ओतले आणि म्हणाला, "मावशी, थेंब गळला तर दुकान बंद करून तुमच्या रानात खुरपायला येतो." थेंब गळला नाही. पुढे कित्येक सुगींत परतीचा पाऊस सोयाबीनच्या राशीवर कोसळला, पण माझ्याखालचा दाणा कोरडा राहिला. कस्तुराबाई मला चाचपून म्हणायच्या, "लई गुणाची हाय." तो शब्द मी अजून जपून ठेवला आहे.

सुगी जवळ आली की कस्तुराबाई कामाला लागतात. उंचवट्यावरचे खळे चोपून सारवतात, पाणी वाहून जायला भोवती चर काढतात, पोती उलटी करून झटकतात. सगळे नीट होते. फक्त मी तेवढी घरी नसते! सोयाबीन पिवळे पडू लागते तेव्हाच गणपती येतात आणि मंडळाला ताडपत्री हवी असते. गावात ताडपत्र्या पुष्कळ आहेत, पण नाही म्हणता न येणारा माणूस एकच, कस्तुराबाईंचा मुलगा सुदर्शन.

गेल्या वर्षीही मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव मला घेऊन गेले. महाप्रसादाच्या पंगती माझ्यावर बसल्या. बाप्पावर माझा राग नाही. पण सांडलेला शिरा कोणी पुसला नाही. विसर्जनानंतर माझी तशीच ओली, चिकट घडी घालून सुदर्शनने मला कोठ्यात टाकले.

"एकदा उनात उघडून बघ की रं तिला," कस्तुराबाई म्हणाल्या.

"तिला काय धाड भरलीय, माय? बघू उद्या."

तो उद्या काही उगवला नाही. शिऱ्याच्या वासाने उंदीर मात्र आला. त्याने एकाच जागी कुरतडले. पण मित्रांनो, घडी घातलेल्या कापडाला एका जागी भोक पडले की ते सगळ्या पदरांतून आरपार जाते. मी नुसती पडून होते. ओरडता येत नाही, याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

मळणी झाली. पुढच्या पेरणीसाठी निवडलेले बियाणे कस्तुराबाईंनी खळ्याच्या मधोमध ठेवले, कारण तीच जागा सर्वांत सुरक्षित. आभाळ भरून आले तसा सुदर्शन मला घेऊन धावला. मी उलगडले आणि एका भोकाची ओळच्या ओळ झाली. तीही नेमकी बियाण्यावर!

पाऊस उघडल्यावर कस्तुराबाईंनी राशीत हात घातला. दाणे फुगले होते.

"ह्ये आता पेरायच्या कामाचं न्हाई," त्या एवढेच म्हणाल्या. सुदर्शन माझे टोक धरून खाली बघत उभा राहिला.

व्यंकटराव येऊन बघून गेले. जाता जाता म्हणाले, "ताडपत्री जुनीच होती ना." मी जुनी आहे, मान्य. माझेच काही कमी पडले असेल का, असे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारले. पण ती भोके म्हातारपणाने पडलेली नव्हती.

सुदर्शनने मला ठिगळे लावली. यंदा बियाणे बाहेरून आणावे लागले आणि ते विरळच उगवले. तरीही गणपती आले तसे व्यंकटराव पुन्हा दारात!

"सुदर्शन, ताडपत्री लागायली बघ."

सुदर्शनचे "न्या की" अगदी ओठांवर आले होते. पण अंगणात मी पसरलेली होते आणि माझ्यावर मूग होते. कस्तुराबाई मान वर न करता मूग हालवत म्हणाल्या, "मूग वाळायलेत."

"कधीपर्यंत वाळतेत, काकू?"

"बाप्पा जाईस्तोर."

व्यंकटराव हसले, सुदर्शनही हसला. मूग तर परवाच वाळले होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कोपऱ्यात घडी होऊन पडली असेल. खळे सारवाल तेव्हा तिलाही एकदा उन्हात उघडा. आम्हाला सांगता येत नाही, आणि घडी मोडल्याशिवाय आमची भोके कोणाला दिसत नाहीत.