पोकळ मोरी

वादळाने तालुक्यातले रस्ते पार धुऊन नेले, पण मुकादमाचा राग काही वाहून गेला नाही. लेकीने त्याचं न ऐकता डंपरवाल्याशी लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. आणि आता दुरुस्तीला नेमका तोच जावई त्याच्या टोळीवर खडी टाकायला आला. मुकादमाला आयतंच सापडलं. खडीत माती आहे म्हणून त्याने तीन दिवसांत जावयाच्या तीन खेपा परत पाठवल्या. माती कसली, माल चाळून घेतल्यासारखा स्वच्छ होता. दोघांत अबोला होता. निरोप रोलरवाल्यामार्फत जायचे, आणि तो तिखटमीठ लावल्याशिवाय एकही पोचवत नसे.

चौथ्या दिवशी काम ओढ्यावरच्या मोरीपाशी आलं. पलीकडे चार गावं अडकली होती. वरून मोरी धडधाकट दिसत होती, पण मुकादमाने सवयीने पहार ठोकून कान दिला. आवाज पोकळ आला. पाण्याने आतली माती ओढून नेली होती, वर नुसता डांबराचा पापुद्रा उरला होता.

त्याने हात आडवा केला. जावयाचा भरलेला डंपर पुढेच येत राहिला.

रोलरवाला धावत गेला आणि उत्तर घेऊन आला: मामांना विचारा, आज मोरीतही माती सापडली का? टोळी हसली. इंजिनिअरसाहेबही वैतागून म्हणाले, जाऊ द्या त्याला.

हा जावई मेला तरी सुतक पाळणार नाही, असं मुकादम घरी कितीदा बोलला होता. तो मोरीच्या तोंडाशी डंपरपुढे जाऊन उभा राहिला.

“तुमची खडी चांगली होती,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “तिन्ही खेपा. मी डूख धरला होता. पण ही मोरी पोकळ आहे.”

इंजिन बंद झालं. जावई उतरला, पहार हिसकावून घेतली आणि स्वतः ठोकू लागला. तिसऱ्या ठोक्याला ती हातातून निसटून आरपार गेली आणि खाली पाण्यात पडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. साहेब दुसरीकडे बघायला लागले.

जावयाच्या नजरेत कृतज्ञतेचा लवलेश नव्हता.

“तीन दिवस तुमची लेक मला लबाड म्हणतेय. म्हणे, मालाच्या बाबतीत माझा बाप खोटं बोलत नाही. बसा गाडीत, मामा. हे तिला तुमच्या तोंडाने सांगा.”

मुकादमाने मोरीवर पिंपं आडवी लावायला सांगितली आणि तो केबिनची पायरी चढला. डंपरपुढे उभं राहणं सोपं होतं; आता लेकीपुढे उभं राहायचं होतं.