उल्काचं बाळंतपण

चंद्रप्रभाबाईंनी दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळाच्या प्रसूती वॉर्डात एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. हजारो बायकांची बाळंतपणं केलेल्या या बाईला, आपल्याच लेकीनं काही अडचण नसताना सिझेरियन मागावं, हे पटेना.

"बाळाचं डोकं खाली, बीपी नॉर्मल. मग पोट कशाला फाडून घ्यायचं?"

"मला भीती वाटते, आई. बस."

"ती कुणाला वाटत नाही?"

शेवटी त्या लेकीबरोबर आर. के. पुरमच्या डॉ. कुमुद सबनीसांकडे गेल्या. डॉक्टरच नाही म्हणतील, असा त्यांचा भरवसा होता. डॉक्टरांनी धोके सांगितले: रक्तस्राव, टाके, पुढच्या खेपेची गुंतागुंत. मग विचारलं, "भीती नेमकी कशाची?"

उल्का आईकडे न बघता म्हणाली, "शाळा सुटली की मी आईच्या वॉर्डात जायचे. नर्सेसच्या खोलीत होमवर्क करायचे. एकदा दार उघडं राहिलं. एक बाई ओरडत होती. आईनं तिच्या मांडीवर फाडकन मारलं. 'चुप! तब शरम नहीं आई?' म्हणाली. मी दहा वर्षांची होते."

चंद्रप्रभाबाईंना ती बाई आठवेना. एकेका पाळीला चौदा बायका आणि नर्स दोघीच, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मारलं असेल," त्या म्हणाल्या. "मारायचो आम्ही."

डॉक्टर म्हणाल्या, "इथे तुला कुणी आवाज चढवून बोलणार नाही, उल्का. कळांवर इंजेक्शनही देता येतं. आठवडाभर विचार कर. तरी सिझेरियनच हवं असेल, तर एकोणचाळीस आठवडे भरल्यावर करू."

रिक्षात चंद्रप्रभाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे बघून ठरवू नकोस."

उल्कानं आठवडाभर विचार केला आणि सिझेरियनच ठरवलं. इस्पितळाची बॅग आईनं भरली. मुलगी झाली, सहा पौंडांची.

तिसऱ्या दिवशी उल्काला कूस बदलवेना. टाके ठणकत होते. "आई, चूक केली का गं मी?"

"मला नाही सांगता येत," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "दुखतंय ते खरंच. पण आत नेताना तू डॉक्टरांशी हसत बोलत होतीस. माझ्या वॉर्डात हसत आत गेलेली एकही बाई मला आठवत नाही."

उल्कानं हात पुढे केला. आईनं तिला पाठीला धरून हळूहळू बसतं केलं.