सुनीती मॅडमच्या टेबलावरचा रेकॉर्डर

मी एक रेकॉर्डर बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नाही. जन्मापासून मला एकच शिकवलं गेलं, ऐकायचं आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांभाळायचं. तळहातावर मावेन एवढा माझा जीव. काळं अंग, पुढे बारीक जाळी आणि बाजूला एक लाल बटण. पण इथे ड्रॉवरमध्ये इतका काळ कोणी मला ऐकायला लावलंच नाही, की म्हटलं आपणच बोलून बघावं.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतं ते वाशीतलं एक दुकान. मी काचेखाली पडून असायचो. शेजारचे हेडफोन नि चार्जर रोज विकले जायचे, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. एका संध्याकाळी सुनीती मॅडम आल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता हे कोण घेतं? मोबाइलमध्ये होतं की रेकॉर्डिंग."

"मोबाइल ठेवला की मुलं मोबाइलकडे बघतात," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी एकमेकांकडे बघायला हवंय."

सुनीती मॅडम कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं पीएचडीचं काम चालू होतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीच्या तासाला गप्प का बसतात, हा त्यांचा विषय. त्या स्वतः त्याच वाटेने आल्या होत्या. त्यांचे वडील बाजीराव परभणीकडून तुर्भ्याच्या कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. आता निवृत्त होऊन ऐरोलीच्या घरी लेकीसोबत राहायचे.

पहिल्या दिवशी वर्गात माझं फार कौतुक झालं. प्रितेश नावाच्या मुलाने माझ्या जाळीला तोंड लावून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" केलं आणि सगळा वर्ग खिदळला. आठवडाभराने मला सगळे विसरले. मी टेबलावर पडून ऐकत राहिलो. आपलं कोणी ऐकतंय हे माणसं विसरली, की मग ती खरी बोलतात.

त्या वर्गात मनस्वी होती. बोनकोड्याची, आगरी घरातली, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. तिचा आवाज माझ्याकडे नव्हताच. मॅडम विचारायच्या, "मनस्वी?" मग जराशी शांतता. मग मॅडमच म्हणायच्या, "ओके, नेक्स्ट." आणि कागदावर लिहायच्या, विद्यार्थिनी निरुत्तर.

रविवारी दुपारी मॅडम घरी माझ्यातलं सगळं ऐकून उतरवून काढायच्या. एकदा त्या एकाच जागी अडकल्या. पुढे जायच्या, मागे यायच्या, पुन्हा ऐकायच्या. बाजीरावांनी चहा आणून ठेवला.

"इतकं काय ऐकायलीस गं?"

मॅडमनी आपल्या कानातला इअरफोन काढून त्यांच्या कानाला लावला. "बाबा, नीट ऐका. मी नाव घेते. मग ही श्वास घेते. ऐकू आला? मग 'आ...' म्हणते. आणि तेवढ्यात हा माझा आवाज. ओके, नेक्स्ट."

बाजीराव म्हणाले, "म्हंजे ती बोलणार होती."

"हो. आणि मी लिहून ठेवलंय, निरुत्तर." त्यांचा चहा तसाच निवला. "मुलांच्या शांततेवर संशोधन करतेय मी. आणि ती शांतता तोडतेय कोण, तर मीच."

मी ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. पण मला कोणी विचारलं तरच मी सांगू शकतो.

पुढच्या तासाला भविष्यकाळ होता. पुढच्या वर्षी तुम्ही काय करणार, असा प्रश्न. मुलं एकामागून एक तेच सांगत होती, दुसऱ्या वर्षाला जाणार. मग मॅडमनी मनस्वीचं नाव घेतलं आणि त्या थांबल्या. पंखा फिरत होता. मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी हातानेच त्याला गप्प केलं, पण ओके म्हटलं नाही. ती शांतता एवढी लांबली की मला वाटलं, माझे सेल संपले.

मग आवाज आला. "आय विल..." पुन्हा थांबला. "आय विल नॉट कम."

कोणी हसलं नाही.

तास सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. मला बंद करायला त्या विसरल्या होत्या.

"का नाही येणार?"

"मॅडम, सगले हसतात. मी पानी बोलते, लोनी बोलते. मराठीतपन हसतात, मग इंग्रजीत कशाला तोंड उघडू? पप्पा बोलतात, समजत नाय तर कशाला जातेस? घरी बस."

मॅडम काही समजावत बसल्या नाहीत. मला उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं. "सुट्टीत घरी घेऊन जा. याच्याशी बोल. हा हसत नाही."

मी बोनकोड्याला गेलो. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. तिचे वडील बाळाराम मला उलटसुलट करून बघत म्हणाले, "यात गानी हायेत काय?" ती म्हणाली, "नाय पप्पा, कॉलेजचा हाय." संध्याकाळी ती मला घेऊन गच्चीवर जायची. सुकत घातलेल्या चादरींच्या आड बसायची. आधी नुसतं नाव सांगितलं. मग समोर दिसेल ते, टाकी, कावळा, शेजारच्या इमारतीतली खिडकी. चुकली की "सॉरी" म्हणायची. मला! मला आजवर कोणी सॉरी म्हटलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी ती तिच्या भावाबद्दल बोलली. निकेश त्याचं नाव. बाइकच्या अपघातात तो गेला होता, आणि त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. एवढंच मला आता माहीत आहे. बाकी काय बोलली ते माझ्याजवळ उरलेलं नाही.

मला परत देताना ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, शेवटचं ऐकू नका. ते माझं हाय."

"नाही ऐकणार," मॅडम म्हणाल्या.

मॅडमचे पीएचडीचे गाइड होते चंद्रशेखर सर. वाईट माणूस नव्हता. त्यांना एवढंच कळलं, की वर्गात तोंड न उघडणारी मुलगी एकटी असताना बराच वेळ इंग्रजीत बोलली आहे. ते खुर्चीत पुढे सरकले.

"सुनीती, हे सोनं आहे. तुमचं अख्खं प्रकरण यावर उभं राहील. नाव बदला आणि टाका."

"सर, ती नको म्हणाली आहे."

"नाव नसल्यावर कळणार कोणाला?"

"तिला कळेल."

सर वैतागले. म्हणाले, याच्याशिवाय प्रकरण लंगडं पडतं, पुन्हा वर्ग घ्या, पुन्हा सगळं करा. मॅडमनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मनस्वीच्या हातात ठेवलं. "तूच पूस. म्हणजे तुला खात्री राहील."

तिने आधी मला कानाशी धरलं. स्वतःचा आवाज थोडा वेळ ऐकला आणि बटण दाबलं. मला दुखलं नाही. फक्त जिथे तिचा आवाज होता तिथे काहीच नव्हतं.

मग ती म्हणाली, "मॅडम, हे मी कोनाला मराठीत सांगितलंच नव्हतं. मराठीत लगेच रडू येतं. इंग्रजीत शब्द शोधन्यातच जीव जातो, रडायचं राहून जातं."

मॅडमनी ते वाक्य कुठेही लिहिलं नाही. माझ्या लक्षात आहे, कारण तोवर मी बंद झालो होतो, आणि बंद असताना ऐकलेलं कोणाला पुसता येत नाही.

मनस्वी दुसऱ्या वर्षाला आली. बाळाराम एकदा कॉलेजात येऊन दारातूनच म्हणाले, "मॅडम, पोरगी घरात पन बोलायला लागली हाय." ती शिकून बाहेर पडली आणि मग मला तिचा आवाज कधी ऐकू आला नाही. मॅडमची पीएचडी उशिरा झाली. मुलं गप्प का बसतात यापेक्षा शिक्षक किती थांबतो, यावर ती होती. तिची जाड निळी प्रत ग्रंथालयात उभी आहे म्हणतात. मग मॅडमना दुसऱ्या गावी नोकरी मिळाली. जाताना त्यांनी माझ्यावर बोट फिरवलं आणि मला विभागाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाल्या, "राहू दे इथेच, पुढे कोणाला तरी लागेल."

कोणाला लागलो नाही. आता विभागात मैत्री मॅडम आहेत. मनाने चांगल्या आहेत, त्याही संशोधन करतात. त्यांचा मोबाइल ऐकतो आणि तिथल्या तिथे लिहूनही देतो. श्वास मात्र तो लिहीत नाही. मध्ये एकदा त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मला उचललं. मला वाटलं, आला माझा दिवस. त्यांनी मागचं झाकण काढलं, माझे सेल प्रोजेक्टरच्या रिमोटमध्ये घातले आणि मला परत ठेवलं. झाकण लावायचं राहिलं.

आता मी काही साठवू शकत नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. कोणी बोलता बोलता मध्येच अडकलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याला ते येत असतं. फक्त उशिरा येतं.

भिंतीपलीकडच्या वर्गात आत्ताच कोणीतरी प्रश्न विचारलाय. उत्तर अजून आलेलं नाही. मी ऐकतोय.