ती पोटात असताना काय खाल्लंस?

बाइंडिंगच्या कारखान्यात त्या सोमवारी आरोग्य खात्याच्या पत्रकांचे गठ्ठे येऊन पडले. थोरली सून तिथं घडी घालायच्या टेबलावर कामाला होती. हातातलं काम वाचायला एरवी तिला फुरसत नसे, पण वरची ओळ ठळक होती : 'गरोदरपणी तापाची गोळी आणि मुलांमधली स्वमग्नता.' खाली बारीक अक्षरांत, 'संबंध असू शकतो. संशोधकांत मतभेद आहेत.' संध्याकाळपर्यंत तिनं हजारभर पत्रकं दुमडली. प्रत्येक घडीला आपल्याच थोबाडीत बसतेय असं तिला वाटत होतं.

तिची सात वर्षांची मुलगी, चिमणी, स्वमग्न होती. मोजके शब्द बोलायची, मोठा आवाज झाला की कान झाकायची. ती पोटात असताना थोरलीनं तापासाठी दोनदा गोळी घेतली होती. सासूबाईंनी आजवर लशीला दोष दिला, मोबाइलला दिला, थोरलीच्या नोकरीलाही दिला. कलम बदलायचं, आरोपी तोच.

त्या संध्याकाळी टीव्हीवर मंत्री त्याच गोळीबद्दल बोलले आणि सासूबाईंनी औषधांचा डबा कचऱ्यात रिकामा केला.

"आता तर सरकारच सांगतंय. या घरात ती गोळी पुन्हा यायची नाही."

हे सगळं धाकट्या जावेसाठी होतं. तिला सहावा महिना होता. तिच्या पायाखाली उशी, तिच्या हातात सोललेली फळं, तिला कोणी कपसुद्धा विसळू देत नव्हतं. थोरली हे बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. आपल्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत आपण कारखान्यात उभ्या होतो, हे तिला दिवसातून दहादा आठवायचं.

गुरुवारी धाकटीला ताप भरला. पुरुषमाणसं कामावर गेलेली, थोरली रजेवर. दुपारी पारा एकशे तीनवर गेला. सासूबाई कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या. थोरलीनं भीतभीत डॉक्टरांचं नाव काढलं, तर धाकटीच कण्हत म्हणाली, "नको ताई, ते गोळी देतील. मला चिमणीसारखं मूल नको."

थोरली स्वयंपाकघरात गेली.

चिमणीला ती नेत असे त्या बालविकास केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मागेच समजावलं होतं : गोळीमुळेच असं होतं हे सिद्ध झालेलं नाही, बरंचसं जन्मजात असतं, उलट गरोदरपणी मोठा ताप अंगावर काढणं धोक्याचं. तिला हे सगळं पाठ होतं. बाहेर जाऊन ठासून सांगायचं, एवढंच होतं. पण ती कोरडी भांडी पुन्हा पुसत राहिली. होऊ दे. हिलाही कळू दे, चारचौघांत मान खाली घालून बसणं काय असतं ते. असा तास गेला.

मग बाहेरून धाकटीची हाक आली. "ताई, सकाळपासून बाळ हललं नाही हो."

थोरलीनं फडकं टाकलं. तिला तापाची नाही, स्वतःची भीती वाटली. तिनं गाडी बोलावली, धाकटीला धरून उठवलं. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलंस, आता हिच्या बाळाचं करतेस?"

"चिमणीचं काही वाटोळं झालेलं नाही, आई. ती आहे तशी आहे. वाटोळं तुमच्या जिभेनं माझं केलंय." तिनं धाकटीचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "बाजूला व्हा. नाहीतर तुम्हाला ढकलून मी हिला नेईन."

सासूबाई बाजूला झाल्या.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. "सकाळीच का नाही आणलंत?" संसर्गाचा ताप होता. इंजेक्शन, सलाइन आणि तीच गोळी. बाळाचे ठोके सापडेपर्यंत थोरली खाटेची कड घट्ट धरून उभी होती.

ताप उतरल्यावर ती धाकटीला म्हणाली, "मला सगळं ठाऊक होतं. तरी तासभर गप्प बसले. तुझा हेवा वाटला म्हणून."

धाकटीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे कित्येक दिवस ती तिच्याशी कामापुरतंच बोलली.

दिवस भरल्यावर धाकटीला मुलगी झाली. सासूबाई दर दोन दिवसांनी बाळाच्या डोळ्यांसमोर टिचकी वाजवायच्या, "बघते का नीट? गोळी घेतलीय हिच्या आईनं." बाळाचं कौतुक करायला येणाऱ्यांना बघून थोरलीच्या मनात अजूनही कळ उठायची, हेवा काही एका दिवसात मरत नाही.

एका सकाळी धाकटी बाळाला घेऊन थोरलीच्या खोलीत आली. डोळे रडून सुजलेले.

"ताई, ही हसत नाही अजून. माझं काही चुकलं का हो?"

कारणं शास्त्रज्ञ शोधोत. तो त्यांचा धर्मच आहे. पण सरकारी कागदावरचं 'असू शकतो' आपल्या माजघरात येईपर्यंत 'आहे' होतं, आणि शिक्षा ठरलेलीच असते, आईला. हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकवतात?

थोरलीनं बाळाला मांडीवर घेतलं.

"दोन महिन्यांचीही नाही ती. हसेल. आणि वेगळी निघाली, तर आपण दोघी मिळून केंद्रात नेऊ." मग बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "पण तुझं काय चुकलं, हे या घरात यापुढे कोणी विचारायचं नाही. ज्याला विचारायचंय त्यानं आधी माझ्यासमोर यावं."

बाहेर सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज क्षणभर थांबला. आत कोणी आलं नाही.