सोनकिड्याची डबी, माझी गोळी

मी शेणकिडा बोलतोय. शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. शपथ शेणाची! आता शेण आम्ही खातोच, तेव्हा ती शपथही पोटात गेली म्हणा. तरी ऐका.

सन चौतीस. सोलापूरच्या वेशीबाहेर, गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशा ठिकाणी मथुराबाईंचा गोठा होता. त्यामागे माझा संसार. मी काळा, ओबडधोबड. बाभळीवरचा सोनकिडा हिरवागार, उन्हात लखलखणारा. तो पाला कुरतडतो, त्याची पोरं उभं झाड पोखरतात. मी माणसांच्या दारची घाण जमिनीत गाडतो. लाडका कोण, ते सांगायला नको.

मथुराबाईंच्या विजयमालाचं लग्न ठरलं होतं. तिनं सोनकिडा धरून काडेपेटीत ठेवला.

"आये, ह्यानं अंडी घातली की गं! मव्हरीएवढी!"

"मग डबी उनात ठिवू नगंस. बाळंतीण हाय ती."

आमच्याही घरी बाळंतीण होती. उकिरड्याच्या कडेला बिळात शेणाची गोळी पुरून माझ्या बायकोनं तिच्यात अंडं घातलं होतं. एकुलतं एक. मथुराबाई गोवऱ्या थापायला आल्या आणि त्यांना बीळ दिसलं.

"ह्यो बग काळा चोर! माजं शेण पुरून ठिवतोय व्हय रं?"

"दोन बोटं शेण त्ये, आये. ऱ्हाऊ दे की."

"आज दोन बोटं, उद्या गोठा न्हेईल!"

त्यांनी गोळी उकरली, पाटीतल्या शेणात मळली आणि भिंतीवर थापली. गोवरीवर पाच बोटं उमटली. त्या बोटांखाली कुठंतरी माझं पोर.

मी रोज भिंत चढायचो, गोवरी कोरायचो. ती दगडासारखी वाळली. माझे पुढचे पाय झिजले.

तुळशीचं लग्न झालं आणि विजयमालाचं आलं. तिनं सोनकिड्याचे पंख कातरून टिकल्या केल्या. कपाळावर काय चमकत होत्या! लाडाची तऱ्हा ही. मला कुणी कातरलं नाही. कातरण्याजोगं होतं काय माझ्यात?

आणि ऐन अक्षता पडताना गोवरी तडकली! माझं पोर भुर्रकन उडालं, थेट नवरदेवाच्या नाकावर बसलं. सनईवाल्याचा सूर चुकला, भटजी मंत्र विसरले!

बरं, कबूल करतो. ते उडणं मी रचलं. बाकी सगळं घडलं तसंच आहे. ती गोवरी पहाटेच हुग्गीच्या, म्हणजे लग्नातल्या गव्हाच्या खिरीच्या, चुलीत गेली होती. हुग्गी झकास झाली म्हणत वऱ्हाडानं दोनदा वाढून घेतली.